मैदान एकाचं, क्लब दुसऱ्याचा: चार्ल्टन आणि 'द व्हॅली'

आडवा_पास:

पलीकडच्या धाग्यावर तिरपा_ध्वज यांनी ठासून लिहिलंय की फुटबॉल क्लबांची समाजसेवा म्हणजे खेळाडूंनी शाळेत जायचं, पोरांच्या डोक्यावरून हात फिरवायचा, फोटो काढायचा आणि परत बसमध्ये बसायचं. बऱ्याच क्लबांबद्दल मी भांडणारही नाही. पण ओघात लंडनच्या चार्ल्टन अ‍ॅथलेटिकचं नाव आलं. तिथे उत्तर लिहायला बसले आणि ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढतेय.

मी काही वर्षांपासून दक्षिण-पूर्व लंडनमध्ये राहते. चार्ल्टन स्टेशनवर उतरून फ्लॉइड रोडला वळलं तरी मैदान लगेच दिसत नाही. दुतर्फा एकमेकींना चिकटलेली बुटकी घरं, आणि मग अचानक धुराड्यांच्या मागे स्टँडचं छप्पर. कारण क्लबचं हे मैदान, 'द व्हॅली', खड्ड्यात आहे. खरोखरच्या खड्ड्यात, वाळू आणि खडूच्या जुन्या खाणीत. क्लब १९०५ चा, गल्लीतल्या पोरांनी काढलेला. १९१९ मध्ये या खाणीत आला तेव्हा खिशात पैसे नव्हते. लोकांनी फावडी आणून तळ सपाट केला, निघालेली माती कडेला रचली आणि त्याच ढिगांवर उभं राहून सामने बघितले. १९३८ साली अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्ध एफए कप या इंग्लंडमधल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेतल्या सामन्याला इथे ७५,०३१ माणसं होती. आज २७ हजारांच्या आसपास मावतात.

आता १९८५ कडे येऊ. आदल्याच वर्षी क्लब बुडता बुडता वाचला होता. नव्या मंडळींनी क्लब घेतला, पण मैदान राहिलं जुन्या मालकाकडे. सगळ्या रामायणाचं मूळ हेच. मे १९८५ मध्ये ब्रॅडफर्ड क्लबच्या स्टँडला आग लागून ५६ माणसं गेली. त्यानंतर इंग्लंडभर मैदानांची कसून तपासणी सुरू झाली आणि व्हॅलीची ती अवाढव्य पूर्वेकडची पायऱ्यांची बाजू बंद करावी लागली. त्यात जमीनमालकाला पश्चिम स्टँडमागचा तुकडा परत हवा होता. ७ सप्टेंबरला क्रिस्टल पॅलेसविरुद्ध घरचा सामना होता. आत शिरताना लोकांच्या हातात कागद पडले: आपण व्हॅली सोडतोय, यापुढचे सामने सेलहर्स्ट पार्कवर. सेलहर्स्ट पार्क कोणाचं? क्रिस्टल पॅलेसचं! समोर जो संघ खेळत होता त्याच्याच घरी भाडेकरू म्हणून जायचं, हे त्या सामन्याच्या दाराशीच कळलं. दोन आठवड्यांनी स्टोकला २–० हरवलं आणि कुलूप लागलं.

गंमत बघा, मैदानावर क्लबचं बरं चाललं होतं. १९८६ मध्ये २९ वर्षांनी संघ पहिल्या श्रेणीत चढला आणि चार हंगाम टिकला. पण माणसं यायची थांबली. चार्ल्टनहून सेलहर्स्टला ट्रेनने जायचं तर आधी लंडन ब्रिजला जायचं आणि तिथून पुन्हा दक्षिणेला उतरायचं, म्हणजे नाकासमोरचा घास मानेमागून हात फिरवून खायचा.

तिकडे रिकाम्या व्हॅलीत रान माजलं. पायऱ्यांच्या भेगांतून झुडपं उगवली. १९८९ मध्ये परतीची घोषणा झाली तेव्हा शेकडो लोक घरचे कोयते, कात्र्या, फावडी घेऊन आले, झुडपं तोडली आणि कचरा तिथेच पेटवून दिला. ७० वर्षांपूर्वीच्या लोकांनी जे केलं तेच पुन्हा. माझं म्हणणं एवढंच आहे की या क्लबचं आजचं समाजकार्य त्या झुडपांतून उगवलंय. कसं ते पुढच्या प्रतिसादात लिहिते, आत्ता कुकरच्या शिट्ट्या झाल्या.

---

गोलरक्षक_निवृत्त:

धागा वाचनखुणांत टाकला. ताई, कुकर उतरवून लवकर या. क्लबच्या चाहत्यांनी राजकीय पक्ष काढून निवडणूक लढवली होती असं मी कुठेतरी ऐकलं होतं. ती हेच लोक का? मला वाटायचं कोणीतरी फेकतंय.

---

आडवा_पास:

हेच ते. फेकलेलं काही नाही.

परत यायचं म्हणजे मैदान नव्याने बांधायला ग्रिनिच कौन्सिलची, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेची, परवानगी हवी. ३१ जानेवारी १९९० ला नियोजन समितीने अर्ज फेटाळला, १० विरुद्ध २ मतांनी. त्याच मे महिन्यात कौन्सिलच्या निवडणुका होत्या. चाहत्यांनी 'व्हॅली पार्टी' काढली आणि ६० उमेदवार उभे केले. ज्या दोन नगरसेवकांनी क्लबच्या बाजूने मत दिलं होतं, त्यांच्या वॉर्डांत उमेदवार दिला नाही. ही सभ्यता मला फार आवडते. जाहिरात क्षेत्रातल्या एका चाहत्याने पोस्टर्स केली, ती लंडनभर गाजली.

निकाल: १४,८३८ मतं, १०.९ टक्के. जागा शून्य. पण नियोजन समितीच्या अध्यक्षांची खुर्ची गेली. पुढल्या वर्षी, एप्रिल १९९१ मध्ये, परवानगी मिळाली. बांधकामासाठी चाहत्यांनी स्वतःच्या खिशातून पैसे घातले. मधला काळ वेस्ट हॅमच्या अप्टन पार्कवर भाड्याने काढला, आणि ५ डिसेंबर १९९२ ला पोर्ट्‌समथविरुद्ध व्हॅलीत पहिला सामना. सातव्या मिनिटाला कॉलिन वॉल्शने गोल केला, १–० जिंकले. हजर माणसं ८,३३७, कारण तेव्हा तेवढ्यांचीच सोय होती.

---

नकाशेवाला:

छान लिहिलंय, पण कौन्सिलला खलनायक करून टाकलंत. माझा धंदाच नगररचनेचा, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. खेळाला नकार नव्हता. अर्जात नुसतं मैदान नव्हतं, खर्च भागवायला व्यापारी बांधकामही जोडलेलं होतं. चारी बाजूंनी घरं असलेल्या वस्तीत तेवढं बांधकाम बसतं का, हा प्रश्न कोणत्याही समितीने विचारायलाच हवा. 'भावना' हा रकाना आमच्या अर्जात नसतो.

आणि एक. सात वर्षं मैदान बंद होतं. त्या काळात शेजारी ज्यांनी घरं घेतली त्यांना शनिवारची शांतता मिळाली होती. त्यांचाही त्या गल्लीवर हक्क आहेच ना? क्लब तिथे ७० वर्षं आधीपासून होता हे खरं, पण 'आम्ही आधी आलो' एवढ्यावर नियोजन चालत नाही.

---

तिरपा_ध्वज:

माझं नाव घेतलंय म्हणून आलो.

निवडणुकीची गोष्ट भारी आहे, मान्य. पण आकड्यांवर जरा पाणी ओततो. तिथल्या काही वॉर्डांत एकाहून जास्त नगरसेवक निवडून जायचे आणि मतदाराकडे तितकीच मतं असायची. म्हणजे १४,८३८ मतं म्हणजे तितके मतदार नव्हेत. दहा टक्क्यांचा धक्का मोठाच, पण 'सारं गाव रस्त्यावर उतरलं' वगैरे नको.

आणि मूळ मुद्दा तसाच आहे. ही सगळी मैदान परत मिळवायची लढाई झाली, समाजसेवा कुठे आली यात? आपलं हवं ते मिळालं, मग कौन्सिलला खूश ठेवायला दोन-चार उपक्रम सुरू केले, असंही म्हणता येईल की.

---

अर्ध्या_वेळेचा_चहा:

तिरपा_ध्वज +१, मतांच्या हिशोबाबद्दल. बाकी भांडणात पडत नाही, पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

आडवा_पास:

नकाशेवाला, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि मी तो गाळायला नको होता. दुसऱ्या खेपेला मंजूर झालेला आराखडा पहिल्यापेक्षा वेगळा होता, म्हणजे समितीच्या नकारातून काहीतरी निष्पन्न झालंच. ध्वज, मतांचा हिशोबही मान्य. 'सारं गाव' मी म्हटलं नव्हतं, पण मनात होतं बहुतेक.

आता समाजसेवेबद्दल. क्लब परत आला तेच वर्ष, १९९२, कम्युनिटी विभागाच्या सुरुवातीचं. सुरुवात अगदी लहान, शाळांतून फुटबॉल शिकवण्यापासून. 'कौन्सिलला खूश ठेवायला' हे पाच टक्के खरं असेलही. पण तेव्हाचं ग्रिनिच आठवा. एप्रिल १९९३ मध्ये जवळच्याच एल्टममध्ये बसथांब्यापाशी स्टीफन लॉरेन्स या काळ्या मुलाचा वर्णद्वेषातून खून झाला. वय १८. फुटबॉलच्या स्टँडमधला वर्णद्वेष तेव्हा गुपित नव्हता. अशा वेळी क्लबने वर्णद्वेषविरोधी काम हाताशी घेतलं, शाळांतून, वस्त्यांतून, पोलिसांसोबत बसून. फोटोपुरतंच करायचं असतं तर याहून सोपे विषय पुष्कळ होते.

२००३ मध्ये या कामाची वेगळी नोंदणीकृत धर्मादाय संस्था झाली, चार्ल्टन अ‍ॅथलेटिक कम्युनिटी ट्रस्ट. 'वेगळी' हा शब्द कंटाळवाणा वाटेल, पण सगळी मेख तिथेच आहे. ट्रस्टचे विश्वस्त वेगळे, हिशेब वेगळे, कंत्राटं वेगळी. क्लब खालच्या श्रेणीत घसरला की पहिली कुऱ्हाड कशावर पडते? ज्यातून गोल निघत नाहीत त्यावर. २००७ मध्ये पुरुषांचा संघ प्रीमियर लीगमधून खाली गेला आणि क्लबने बायकांचा संघच बंद करून टाकला. दोनच वर्षांपूर्वी, २००५ मध्ये, याच बायकांनी एफए कप जिंकला होता! तो संघ पुन्हा उभा राहिला तो ट्रस्टच्या आधाराने, आणि २०२१ मध्ये क्लबने तो परत आपल्याकडे घेतला. क्लबने टाकलेलं पोर ट्रस्टने वाढवलं आणि शिकून मोठं झाल्यावर बाप न्यायला आला, अशी ही गोष्ट.

आणि ध्वज, तुमच्यासाठी खास राखून ठेवलेला मुद्दा. २०१२ मध्ये ग्रिनिच कौन्सिलने आपल्या हद्दीतली युवा सेवा चालवायचं काम कोणाला दिलं? याच ट्रस्टला. युवा केंद्रं, संध्याकाळचे क्लब, सगळं. जिच्याविरुद्ध ६० उमेदवार उभे केले, तीच कौन्सिल २२ वर्षांनी आपल्या पोरांना त्यांच्या हाती देते.

---

गोलरक्षक_निवृत्त:

कौन्सिलने काम दिलं म्हणजे कौन्सिलने स्वतःचं काम दुसऱ्याच्या गळ्यात मारलं असंही असू शकतं हो. २०१२ म्हणजे तिकडे खर्चकपातीचा जोर होता.

---

आडवा_पास:

हो, शंभर टक्के असू शकतं, आणि ते मला खटकतंही. युवा सेवा हे क्लबच्या लोगोखाली चालायचं काम आहे का, यावर मी स्वतःशीच भांडते. एखाद्या पोराला फुटबॉलचा तिटकारा असेल, किंवा ते मिलवॉल या प्रतिस्पर्धी क्लबचं चाहतं असेल (शेजारीच आहेत, हसू नका), तर त्याने कुठे जायचं? केंद्रांत संगीत, स्वयंपाक, नुसतं बसून गप्पा, सगळं चालतं हे खरं. पण दारावर क्लबचं तलवारीचं चिन्ह आहे ते आहेच.

---

मूक_वाचक:

वर्षानुवर्षं नुसती वाचते, आज लिहावंसं वाटलं.

माझ्या मुलाला डाउन सिंड्रोम आहे. आम्ही तीन वर्षं त्या भागात राहायला होतो. ट्रस्टचा 'अपबीट्स' नावाचा संघ आहे, डाउन सिंड्रोम असलेल्या खेळाडूंचा, २००८ पासूनचा. मी भीतभीत घेऊन गेले. शाळेतल्या खेळाच्या तासाला याला कायम कडेला शंकू उचलायला ठेवायचे, तसंच इथेही होणार असं धरून चालले होते.

पहिल्या दिवशी प्रशिक्षक त्याच्यासमोर उकिडवा बसला. मुलाच्या बुटांची वेल्क्रोची पट्टी सुटली होती, ती त्याने लावून दिली नाही. थांबला. चांगली दोन-तीन मिनिटं थांबला, मागे बाकीचे पळतायत, चेंडू येतायत. मुलाने स्वतः लावली. मग तो म्हणाला की आता पळ. नंतर पोरगं थकून गवतावर आडवं झालं, तर ओरडला की तू बचावात आहेस, तुझा माणूस सुटला! अक्षरशः ओरडला. माझ्या मुलावर तोवर कोणी खेळाडू समजून ओरडलं नव्हतं. मी कुंपणाला धरून रडले, थोडी हसलेही.

कौन्सिल, मतं, मालकी यातलं मला कळत नाही. फोटो मात्र त्या दिवशी कोणी काढला नव्हता.

---

तिरपा_ध्वज:

मूक_वाचक, यावर मी काही बोलत नाही. लिहीत जा.

---

अर्ध्या_वेळेचा_चहा:

पॉपकॉर्न खाली ठेवलं.

बरं, शीर्षकाचं काय? 'मैदान एकाचं, क्लब दुसऱ्याचा' ही १९८५ ची गोष्ट ना? ती तर १९९२ ला सुटली.

---

आडवा_पास:

सुटली होती. पुन्हा गुंतली.

जानेवारी २०१४ मध्ये क्लब रोलँड ड्यूशाटले या बेल्जियन उद्योगपतींनी घेतला. त्यांच्याकडे युरोपात आणखीही क्लब होते. प्रशिक्षक येत-जात राहिले, संघ खाली गेला आणि चाहते उठले. या लोकांना आंदोलनाची उपजत हौस आहे, ते रक्तातच असावं. कधी मैदानात बीचवरचे फुगे-चेंडू, आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये कॉव्हेंट्रीविरुद्ध सामना सुरू होताच शेकडो प्लॅस्टिकची डुकरं. हिरव्या गवतावर गुलाबी डुकरं, आणि गणवेशातली गंभीर माणसं ती वेचतायत. मजा म्हणजे डुकरं दोन्ही बाजूंनी पडत होती, कारण कॉव्हेंट्रीवालेही आपल्या मालकांवर चिडलेले, आणि त्यांचंही दुखणं मैदानाचंच होतं. आधी दोन्हीकडच्या चाहत्यांनी मिळून मोर्चा काढला, मग आत जाऊन आपापल्या संघासाठी घसा फोडला.

शेवटी ड्यूशाटलेंनी क्लब विकला. २०२० या एकाच वर्षात तो दोनदा हात बदलून गेला, २०२३ मध्ये पुन्हा. पण पहिल्या विक्रीत त्यांनी काय विकलं नाही? व्हॅली, आणि स्पॅरोज लेनचं सरावाचं मैदान. दोन्ही त्यांच्याकडे राहिलं आणि क्लब आपल्याच खाणीत भाडेकरू झाला. ३५ वर्षांनी गाडी त्याच स्टेशनात.

२०२० मध्ये क्लबच्या वर कोण मालक आहे हेच काही महिने कळत नव्हतं. त्यात कोविड. ट्रस्ट मात्र चालू होता, कारण त्याचे कागद वेगळे होते. मी वर 'वेगळी' म्हटलं ते यासाठी.

---

नकाशेवाला:

आता माझ्या प्रांतात आलात. २०११ च्या लोकॅलिझम अ‍ॅक्टखाली इंग्लंडमध्ये एखादी जागा 'समाजाच्या मोलाची मालमत्ता' म्हणून नोंदवता येते. चार्ल्टनच्या चाहत्यांच्या ट्रस्टने (हा वेगळा, वरचा कम्युनिटी ट्रस्ट नव्हे) व्हॅलीची अशी नोंद २०१३ मध्येच करून घेतली. लोकांना वाटतं की आता मैदानाला कोणी हात लावू शकत नाही. तसं नाही. नोंद पाच वर्षं टिकते, मग पुन्हा अर्ज. मालकाला विकायचं असेल तर आधी कौन्सिलला कळवायचं. मग स्थानिक गटाला सहा आठवड्यांत 'आम्हाला बोली लावायची आहे' असं सांगता येतं, आणि तसं सांगितलं तर एकूण सहा महिने विक्री थांबते. बस. सहा महिन्यांनी मालक कोणालाही विकायला मोकळा, त्या गटाला द्यायचं बंधन नाही. वेळ मिळतो, मैदान मिळत नाही.

हुकमाचा पत्ता म्हणाल तर तो नियोजनाचाच आहे. खड्ड्यातल्या त्या जमिनीवर फ्लॅट बांधायचे तर वापरबदलाची परवानगी कौन्सिलकडूनच लागणार. आणि ग्रिनिचचा कोणता नगरसेवक १९९० विसरलाय? म्हणजे बघा, तुमच्या त्या १०.९ टक्क्यांचं व्याज आजही चालू आहे. कौन्सिलची बाजू घेऊन आलो आणि हे लिहून बसलो.

---

तिरपा_ध्वज:

शिवाय २०२५ मध्ये फुटबॉल गव्हर्नन्स अ‍ॅक्ट झालाय. त्यात अशी तरतूद आहे की स्वतंत्र नियामकाच्या मंजुरीशिवाय क्लबला घरचं मैदान विकता किंवा सोडता येणार नाही.

पण चार्ल्टनच्या बाबतीत घोडा २०२० मध्येच तबेल्याबाहेर गेलेला. कायदा पुढच्यांच्या कामाचा.

माझ्या मूळ विधानात दुरुस्ती करतो: 'क्लबांची' समाजसेवा फोटोपुरती, हे अजूनही म्हणतो. तुमच्या उदाहरणात काम क्लबने कमी आणि क्लबच्या भोवतीच्या माणसांनी जास्त केलंय. बायकांचा संघ बंद करणारा क्लबच होता, विसरू नका.

---

आडवा_पास:

नाही विसरत. आणि ही दुरुस्ती मला चालेल, कारण माझंही तेच म्हणणं होतं, मी ते फक्त सात पट लांब लिहिलं.

नकाशेवाला, शेजाऱ्यांबद्दल तुम्ही विचारलं होतंत, ते राहून गेलं. मैदानाच्या वरच्या अंगाला चढावर एक आजी राहतात, माझी लायब्ररीतली ओळख. १९८८ मध्ये घर घेतलं, तेव्हा खिडकीतून खाली नुसती झुडपं दिसायची, कोल्हे फिरायचे. १९९० मध्ये त्यांनी क्लबच्या विरोधात कौन्सिलला पत्र लिहिलं होतं आणि व्हॅली पार्टीला अर्थातच मत दिलं नव्हतं. अजूनही सामन्याच्या दिवशी वैतागतात, गाडी आदल्या रात्रीच लांब नेऊन लावतात. २०२५ च्या मे महिन्यात मात्र वेम्बलीला प्ले-ऑफचा अंतिम सामना होता, लेटन ओरिएंटविरुद्ध, १–० ने जिंकून संघ वर चढला. त्या दिवशी सामना मैलोन्मैल लांब, गल्ली चिडीचूप. आजी म्हणाल्या की दुपारभर चैन पडेना, खाली काही ऐकूच येत नव्हतं, म्हणून शेवटी रेडिओ लावला.

---

गोलरक्षक_निवृत्त:

😄 ताई, मी डिसेंबरात तिकडे येतोय. कुठल्या स्टँडचं तिकीट काढू?

---

आडवा_पास:

पूर्वेचं. तीच ती बाजू, जिथे पायऱ्यांमधून झुडपं उगवली होती. तोंड पश्चिमेला येतं आणि हिवाळ्यात तीन वाजताचं ऊन थेट डोळ्यांत घुसतं, तेव्हा पुढे टोक असलेली टोपी आण. क्लबच्या रंगाची, लाल असली तर उत्तम, मिलवॉलची निळी मुळीच नको.